कोसारीच्या नाल्यातलं हाड

मामाजींनी तो दगड जिभेच्या टोकाला लावला, क्षणभर डोळे मिटले आणि समोर उभ्या असलेल्या सगळ्यांना जाहीर केलं, "शेण."

नाल्यात वारा नव्हता, त्यामुळे तो शब्द जिथं पडला तिथंच राहिला.

"शेण म्हणजे सर?" नासरेंनी विचारलं.

"शेण म्हणजे शेण. पो. डायनोसोरनं टाकलेला. साडेसहा कोटी वर्षांत त्याचा दगड झाला. हाड असतं तर जिभेला चिकटलं असतं. हाडात बारीक छिद्रं असतात, ती ओल ओढून घेतात. हे चिकटत नाही." त्यांनी दगड पुढे केला. "घ्या, चाटून बघा."

खोब्रागडे बाईंनी पदर तोंडाला लावला. मागं कोणीतरी फिसकन हसलं. आणि मी, म्हणजे या चाटणाऱ्या गृहस्थांची एकुलती एक सून, मनात म्हटलं, धरणीमाते, आता पोटात घे.

माझे सासरे प्राध्यापक नीळकंठ लांबट नागपूरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले तरी शिकवणं सुटलं नाही. दर हिवाळ्यात रविवारी ते हौशी लोकांना बसमध्ये भरून कुठं कुठं घेऊन जात. आज उमरेडकडचा कोळसा, उद्या रामटेकचा गारगोटीचा डोंगर, परवा आणखी काही. लोकांना ते फार आवडायचे. घरात जेवतानाही ते वरणाच्या वाटीत थर कसे बसतात ते दाखवायचे, हे त्या लोकांना माहीत नव्हतं.

पूर्वी माझा नवरा हेमंत त्यांच्यासोबत जायचा. त्याची भुसावळला बदली झाली आणि जाताना तो मला सहज म्हणाला, "बाबांना तेवढं सांभाळ." मी विमा कार्यालयात नोकरी करायची, आठवड्यातून एक रविवार माझा. तो गेला. भल्या पहाटे उठून सगळ्यांसाठी पुऱ्या आणि आलूची भाजी करायची, डबे बांधायचे, बसवाल्याशी भांडायचं, आणि मग दिवसभर दगड बघत उन्हात फिरायचं. मला दगडांत काडीचा रस नव्हता.

त्या दिवशी तर सकाळपासूनच त्यांनी माझा पिच्छा पुरवला होता. निघताना म्हणाले, "तुझी ती लाल शाल घे."

ती शाल माझ्या भावानं लुधियानाहून आणली होती. इतकी भडक की मी ती लग्नाकार्यालाही काढायची नाही.

"मामाजी, ऊन होईल. शाल काय करायची?"

"घे म्हटलं ना."

घेतली. म्हाताऱ्या माणसाशी दारात उभं राहून वाद कोण घालणार.

वरोऱ्याच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत गेलं की कोसारी नावाचं गाव लागतं. गावाबाहेर कपाशीची आणि हरभऱ्याची वावरं, आणि त्यांच्या मधून वाहणारा, हिवाळ्यात जवळजवळ कोरडा पडणारा नाला. त्या नाल्याच्या दरडीत मामाजींनी फार वर्षांपूर्वी डायनोसोरच्या मांडीचं हाड बघितलं होतं. मातीत रुतलेलं, थोडंसं टोक बाहेर आलेलं. त्यांनी ते काढलं नाही. उलट त्यावर माती लोटून, दगड रचून झाकून ठेवलं आणि अधूनमधून एकटेच जाऊन बघून येत. "जमिनीत आहे तोवर सुरक्षित आहे," असं म्हणत. या वेळी पहिल्यांदाच ते मंडळींना दाखवणार होते. कबूल केलं होतं तसं. त्यासाठीच बस इतकी भरली होती.

नाल्यात उतरल्यापासून ते माझ्या पाठोपाठ चालत होते. इतके पाठोपाठ की वारंवार माझ्या बुटाच्या टाचेवर पाय देत होते. बूट निघायचा, मी एका पायावर लंगडी घालत तो चढवायची, ते शांतपणे वाट बघायचे. "मामाजी, तुम्ही पुढे व्हा ना," मी म्हणायची. "नको, तू चल," ते म्हणायचे.

आणि वर ती उलटतपासणी. नाल्याच्या कडेला उभं करून सगळ्यांसमोर:

"कुंदा, डावीकडची दरड कशी आहे, सांग."

"मातीची आहे."

लोक हसले.

"मातीची म्हणजे? रंग?"

"लाल."

"कुठला लाल? कुंकवाचा, विटेचा की वाळल्या मिरचीचा?"

"मामाजी, लाल म्हणजे लाल."

"नीट बघ. वरपासून खालपर्यंत एकच आहे की मधे काही बदलतं?"

मी बघितलं. खरं तर बदलत होतं. वर कपाशीची काळी जमीन, तिच्याखाली ठिसूळ करडा दगड, त्याखाली हातभर पांढरट पट्टा आणि मग तो लाल, विटेसारखा, ओल्या ठिकाणी गडद. मी दात ओठ खाऊन सांगितलं. पट्टा आडवा आहे की तिरपा? आडवा. जाड आहे की कुठं बारीक होत गेलाय? उजवीकडे बारीक होतोय. त्यात गोटे आहेत? आहेत. केवढे? बोरांएवढे.

"शाब्बास," ते म्हणाले, आणि लोकांकडे वळले.

मग त्या माझ्या तुटक्या शब्दांतून त्यांनी जे उभं केलं ते मात्र ऐकण्यासारखं होतं, हे नाकारून चालणार नाही. इथं उथळ तळं होतं, म्हणाले. उन्हाळ्यात आटायचं, पांढरा पट्टा म्हणजे त्याचा आटलेला तळ. काठाला हिरवळ, आणि त्या हिरवळीसाठी येणारी घरांएवढी जनावरं. मग पश्चिमेकडून लाव्हा आला आणि सगळ्यावर झाकण पडलं. बोलताना त्यांचा हात हवेत फिरायचा आणि माणसं त्या हाताकडे बघत राहायची, जणू तिथंच तळं आहे.

त्यांची शिकवण्याची पद्धतच ती होती. कॉलेजात असतानाही ते स्वतः काही सांगायचे नाहीत, आधी मुलांकडून वदवून घ्यायचे. त्यांचे जुने विद्यार्थी घरी आले की हेच किस्से निघायचे. पण ते विद्यार्थी पदवीसाठी आले होते. मी डबे घेऊन आले होते.

जेवायला बसलो तेव्हा त्यांनी तांब्यातलं पाणी पेल्याच्या बाहेर ओतलं, नेमकं उरलेल्या पुऱ्यांच्या डब्यात. "मामाजी!" मी ओरडले. "हं हं, सांडलं का," म्हणाले आणि हात पुसून मोकळे झाले. पहाटेपासून लाटलेल्या पुऱ्या पाण्यात तरंगत होत्या.

तेवढ्यात नासरे आले. नासरे वीज कंपनीत होते, फार हौशी माणूस. दिसेल तो दगड पिशवीत टाकायचे, आणि कुठलाही दगड दाखवला की त्यांचा पहिला प्रश्न, "सर, याला परदेशात किती मिळतील?" त्यांचा मला मनस्वी कंटाळा यायचा. पण त्या वेळी त्यांनी काहीही विचारलं नाही. तळहातावर एक छोटासा दगड ठेवून, देवाला नैवेद्य दाखवावा तसा तो मामाजींच्या समोर धरला आणि नुसते उभे राहिले.

मामाजींनी त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे मला तसं वाटलं. मग म्हणाले, "चला, उठा सगळे. ऊन उतरायच्या आत हाड बघून घेऊ," आणि निघालेच.

नासरेंचा हात हळूहळू खाली आला.

"वहिनी, सर रागावले का माझ्यावर? सकाळी त्या शेणावरून जास्त बोललो का मी?"

"नाही हो. स्वभाव आहे त्यांचा."

"तसं नाही. बघितलंसुद्धा नाही," नासरे म्हणाले आणि दगड खिशात टाकला. चेहरा पार उतरला होता. आणि त्यांची समजूत काढायची जबाबदारीही माझीच, या विचारानं मी आणखी चिडले.

पुढच्या वळणाआधी मामाजी परत थांबले. "कुंदा, पुढे बघ. नाला कुठं वळतो? वळणावर पळसाची झाडं दिसतात का? तीन असायला हवीत, एकाच रांगेत."

माझ्या बुटात खडा गेला होता. टाच सोलवटली होती. ती शाल काखेत धरून हात अवघडला होता.

"मामाजी, आता मला थोडं बसू द्या. विचारायचं तर यांना विचारा. सहल त्यांची आहे, माझी नाही."

सगळ्यांनी ऐकलं. खोब्रागडे बाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांनी माझ्याकडे मुख्याध्यापिकेच्या नजरेनं बघितलं.

मामाजी म्हणाले, "बरं," आणि काठी टेकत एकटेच पुढे निघाले.

मी शाल खांद्यावर टाकून दगडावर बसले आणि बूट काढला. मंडळी पांगली होती, कोणी फोटो काढत होतं, कोणी पाणी पीत होतं. मामाजी ताठ चालले होते, रस्ता पाठ असलेल्या माणसासारखे. नाल्यातून वर चढले, दरडीच्या कडेनं वळणाकडे गेले. तिथं पळस होते. आणि पळसांच्या अलीकडे कुणीतरी मुरूम काढून नेलेला मोठा खड्डा होता, एखाद्या खोलीएवढा, ताजा खणलेला.

"सर, खड्डा आहे!" खोब्रागडे बाई ओरडल्या.

मामाजींनी, माहीत आहे, अशा अर्थानं हात वर केला. आणि पुढचं पाऊल टाकलं.

मी एका पायात बूट घालून धावले. काटे लागले की नाही आठवत नाही. खड्ड्याच्या काठाशी पोचले तर धुरळा उडाला होता आणि मामाजी खाली, मातीच्या ढिगावर बसलेले होते. काठ भुसभुशीत होता म्हणून ते पडले नाहीत, बसल्या बसल्या घसरत गेले. काठी वरच राहिली होती. मीही तशीच घसरत खाली उतरले.

"लागलं का? हात बघू. पाय हलवा."

"काही झालं नाही." मनगट धरून बसले होते. चेहऱ्यावर माती, चष्मा एका कानाला लटकलेला. हळू आवाजात म्हणाले, "कोणी बघितलं?"

"सगळ्यांनी बघितलं! एवढा खड्डा समोर असून तुम्ही..."

आणि मी थांबले. कारण ते माझ्याकडे बघत नव्हते. माझा आवाज जिकडून येत होता त्याच्या जरा बाजूला, माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठंतरी बघत होते. शालीकडे. मी तिथंच बसले.

"मामाजी, तुम्हाला किती दिसतं?"

ते चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"मामाजी."

"कडेचं दिसतं. मधोमध धुकं आहे. माणूस कळतो, तोंड कळत नाही. लाल रंग अजून बरा कळतो."

"कधीपासून?"

"मागच्या दिवाळीआधीपासून."

"हेमंतला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. डॉक्टरांकडे मी एकटा गेलो होतो. म्हणाले, यावर आता उपाय नाही. मग कोणाला सांगून काय करायचं होतं?"

आता इथं सुनेनं विरघळून जायला हवं, डोळे पुसायला हवेत. मी तसं काही केलं नाही. माझं डोकं असं तापलं की बोलू की मारू असं झालं. दिवाळीपासून हा माणूस माझ्या घरात माझ्या समोर बसून जेवत होता, वर्तमानपत्र उघडून बसत होता. आणि सगळी मंडळी त्याच्या भरवशावर दरडींवर चढत होती.

"एवढी माणसं घेऊन येता तुम्ही! कोणी मेलं असतं म्हणजे?"

"तू पुढे होतीस ना."

"काय?"

"तू पुढे होतीस. मी तुझ्या मागं मागंच येत होतो. आणि काय आहे ते तुला विचारत होतो. तू बरोबर सांगतेस. हेमंतपेक्षा बरोबर. तो आपल्या मनचं घालायचा."

मला रडावं की ओरडावं कळेना. "मग मला सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर आणलं असतंस मला?"

"नाही."

"मग?" ते म्हणाले.

या माणसाला उत्तर देणं कोणालाही शक्य नव्हतं.

वर काठावर डोकी जमली होती. खोब्रागडे बाई विचारत होत्या, "सर, हाड मोडलं का? उचलायचं का?" मामाजींनी माझा हात पकडला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "कुंदा, वर सांग, पाय घसरला. म्हातारा माणूस, घसरतो. तेवढं सांग आणि घरी जाऊ."

"नाही."

"माझं ऐक."

"नाही म्हणजे नाही. मी खोटं बोलणार नाही. तुम्ही पुढच्या महिन्यात पुन्हा बस भराल, तेव्हा मी सोबत नसेन, आणि तुमच्या मागून कोणीतरी असाच उतरेल."

त्यांनी हात सोडला. मी वर बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सरांना दिसत नाही. पुष्कळ दिवस झाले. आम्हालाही आत्ताच कळलं."

मामाजींनी मान खाली घातली. मला त्या क्षणी त्यांची दया आली नाही असं नाही. पण शब्द बाहेर पडले होते आणि ते खरे होते.

वर कुजबूज झाली. "अहो, मग आम्हाला आणलं कशाला?" कोणीतरी म्हणालं. "चला, बसकडे चला," दुसरं कोणी. तेवढ्यात माती ढासळल्याचा आवाज आला आणि नासरे पिशवीसकट बसकण मारून खाली घसरले, थेट मामाजींच्या पायाशी.

"सर, म्हणजे मघाशी तुम्ही माझा दगड बघितलाच नाही?"

"कुठला दगड?"

नासरेंचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. "मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागावलात! अहो, मला जेवण गेलं नाही." त्यांनी खिशातून दगड काढून मामाजींच्या तळहातावर ठेवला. "आता बघा. म्हणजे, हे... हात लावून बघा."

मामाजींनी तो बोटांत फिरवला. एकदा, दोनदा. अंगठ्यानं त्याचं टोक चाचपलं. "गोगलगाय आहे. गोड्या पाण्यातली. डावीकडे वळणारा शंख, टोक शाबूत आहे. एवढा अख्खा सहसा मिळत नाही. कुठं सापडला?"

"पांढऱ्या पट्ट्यात, सर."

"जपून ठेवा. आणि कोणाला विकू नका."

"छे, छे," नासरे म्हणाले. मग लगेच, "पण सर, ते मांडीचं हाड? ते तरी दिसेल ना?"

मी नासरेंना गप्प करणार, इतक्यात मामाजींनी विचारलं, "पळस कुठं आहेत?"

"वर. आपल्या डोक्यावर," नासरे म्हणाले. "तीन आहेत. अगदी रांगेत."

मामाजी एकदम उठून उभे राहिले. "मग ते इथंच आहे," ते म्हणाले. आणि पुढचं त्यांच्या लक्षात आलं ते त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. मी मुरूम म्हटलं होतं की नव्हतं, आठवत नाही. पण पायाखालची ती ताजी, खणलेली माती त्यांना सगळं सांगत होती.

"कुंदा," ते म्हणाले. पुढे काही विचारलं नाही.

मी उठले. खड्ड्याची भिंत बघायला लागले, डावीकडून उजवीकडे, वरपासून खाली. मी आपण होऊन बोलू लागले. वर काळी माती. करडा दगड. पांढरा पट्टा, इथं वीतभरच. त्याखाली लाल. लालमध्ये कुदळीच्या खुणा, तिरप्या. मग एका जागी लाल थांबलं. ताटलीएवढा गोल, राखाडी, भिंतीत बसवल्यासारखा. मी वाकले. कडेला घट्ट आणि आत जाळी. अनारशाला पडते तशी, बारीक, एकसारखी जाळी.

मी ते तसंच सांगितलं.

"बाहेर किती आलंय?" मामाजींनी विचारलं.

"बाहेर आलेलं नाही. कापलं गेलंय. सपाट." मी कडेला बोट लावून बघितलं. "पुढचं मुरमासोबत गेलं असणार. मागचं आत आहे. किती ते कळत नाही."

नासरेंनी त्यांचा हात धरून तिथं नेऊन ठेवला. मामाजींनी ती जाळी बोटांनी चाचपली. वर ज्यांनी बसकडे चला म्हटलं होतं तेही काठावर बसले होते.

"इतकी वर्षं झाकून ठेवलं," मामाजी म्हणाले. "किती वर्षं."

खोब्रागडे बाई तोवर गावात निघाल्याही होत्या. वावराचे मालक गणपतराव ढवस यांना त्या घेऊन आल्या, मागच्या बाकावरच्या मुलाला आणावं तसं. ढवस धापा टाकत काठाशी उभे राहिले, खाली बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"हे लांबट सर ना? अहो सर, तुम्ही किती वेळा आले माझ्या वावरात. बांधावर बसून माझ्या घरचा चहा प्याले. इथं असं काही आहे म्हणून एका शब्दानं बोलले नाही कधी!" ते खरोखर चिडले होते. "रस्तेवाल्याले मुरूम पाहिजे होता, मी म्हटलं ने. आधी सांगतलं असतं तर मी तिकडच्या आंगानं खोदू दिलं असतं. मले काय, मुरूम इथचा काय अन् तिथचा काय!"

मामाजी खाली उभे होते, हात अजून भिंतीवर. त्यांना मी प्रथमच निरुत्तर झालेलं बघितलं.

ढवसांनीच बाज आणवली आणि त्यांना वर काढलं. मी त्यांच्या मनगटाला लाल शाल बांधून दिली.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. मामाजींच्या विद्यार्थ्यांनी येऊन उरलेलं हाड काढलं. निम्म्याहून बरंच जास्त निघालं. ते आता त्यांच्या जुन्या कॉलेजात काचेच्या पेटीत आहे. ढवसांनी वळणाच्या पुढं कोणाला खोदू दिलं नाही. हेमंत भुसावळहून धावत आला, बापावर ओरडला, मग डॉक्टरांचे कागद हातात घेऊन मोरीत जाऊन रडला. आणि मामाजींनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांना न विचारता मी चारचौघांत सांगितलं याचा राग. मीही टाकलं. पुऱ्यांपासून सगळं आठवून माझा राग कमी होत नव्हता. जेवणाच्या ताटाशी आम्ही दोघं भिंतीसारखे बसायचो. घरात फक्त भांडी वाजायची.

अशाच एका शुक्रवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर ते फोनशी बसले होते. मला बघून, म्हणजे माझी चाहूल घेऊन, म्हणाले, "रविवारी उमरेडला जायचंय."

"कोणाला?"

"आपल्याला. ज्यांचे नंबर पाठ होते त्या पंधरा-वीस जणांना फोन केले. सगळ्यांना खरं सांगितलं, मला दिसत नाही म्हणून. त्यांनी आधी विचारलं, सूनबाई आहेत का? आहेत म्हटल्यावर सगळे हो म्हणाले. नासरे तर दोन भाच्यांना घेऊन येतोय."

मी पर्स खाली ठेवली. "मला कोणी विचारलं?"

"आत्ता विचारतोय ना."

"मामाजी, माझा आठवड्यातला एकच रविवार असतो. सगळ्या घराचे कपडे धुवायचे आहेत."

"सोमवारी धू," ते म्हणाले, आणि पुढचा नंबर मला वाचायला सांगितला.

मी वाचला. कपडे सोमवारी ऑफिसला जायच्या आधी धुतले. त्यानंतर कितीतरी वर्षं, ते गेल्यावरही, माझ्या घरचे कपडे सोमवारीच धुतले जात होते.